उजेडाच्या पाट्या

मुलांनो, तुमच्या गावात रात्री सगळ्यांत जास्त उजेड कुठे असतो? कुणी म्हणेल एस. टी. स्टँडवर, कुणी म्हणेल चौकातल्या मेडिकलच्या दुकानापाशी. गणपतीच्या दिवसांत विचारलं, तर सगळे एका सुरात ‘मंडपात!’ म्हणून ओरडाल. आता डोळे मिटून एक चित्र बघा. मंडपाची ती रोषणाई रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून सहाव्या-सातव्या मजल्यापर्यंत, एकही इमारत न सोडता लावलेली आहे. आणि ती अनंत चतुर्दशीला उतरवत नाहीत बरं का! रोज रात्री, बाराही महिने ती तशीच चालू. दक्षिण कोरियातल्या मोठ्या शहरांची संध्याकाळ ही अशी असते.

माझी धाकटी बहीण नवऱ्याच्या नोकरीमुळे सोलला राहते. सोल म्हणजे दक्षिण कोरियाची राजधानी, वस्ती सुमारे ९४ लाख. २०२४ च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे राहून आले. तिथे मला वाटाड्या मिळाली ती माझी भाची. इयत्ता सहावी, बोलायला लागली की कोरियन भाषेची नुसती आगगाडी! तिचं नाव मात्र सांगत नाही. ‘मावशी, माझं नाव छापलंस तर बघ हं,’ असा सज्जड दम मिळालेला आहे.

एका इमारतीत अख्खा बाजार

पहिल्याच संध्याकाळी आम्ही सिंचोन नावाच्या भागात गेलो. जवळच विद्यापीठं आहेत, त्यामुळे रस्ताभर तरुण मुलंमुली. सूर्य मावळला आणि एकेक पाटी जागी होऊ लागली. लाल, हिरवी, जांभळी, पांढरीशुभ्र. काही पाट्या भिंतीला चिकटलेल्या, तर काही भिंतीतून काटकोनात बाहेर आलेल्या, एकीच्या डोक्यावर एक अशा उभ्या रांगेत. आपल्याकडे बहुतेक दुकानं रस्त्यालगत, खाली. तिथे मात्र तळघरापासून गच्चीपर्यंत प्रत्येक मजल्यावर वेगळं दुकान. वरच्या मजल्यावरच्या दुकानदाराला काचेच्या कपाटात माल मांडून गिऱ्हाईक थांबवता येत नाही. रस्त्यावरच्या माणसाला हाक मारायला त्याच्याजवळ एकच तोंड असतं, ते म्हणजे पाटी. म्हणून ती मोठी, म्हणून ती झगझगीत, आणि शेजाऱ्याची झगझगीत म्हणून आपली त्याहून झगझगीत!

‘वाच बघू सगळं,’ मी भाचीला म्हटलं. तिने समोरची एकच इमारत वाचून दाखवली. तळघरात नोरेबांग, पहिल्या मजल्यावर तळलेल्या कोंबडीचं हॉटेल, दुसऱ्यावर कॉफीचं दुकान, तिसऱ्यावर पीसीबांग, चौथ्यावर दाताचा दवाखाना, पाचव्यावर हक्वॉन. आणि हो, तिथे तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात. लिफ्टमध्ये पुष्कळदा चौथ्या मजल्याच्या बटणावर ४ च्या जागी ‘एफ’ हे इंग्रजी अक्षर असतं. कोरियन भाषेत ‘चार’ आणि ‘मृत्यू’ या दोन्ही शब्दांचा उच्चार ‘सा’. आपल्याकडे कुणी तेराला घाबरतं, तिथे चाराला!

आता हे ‘बांग’ काय प्रकरण आहे? आपल्याकडे बांग कोंबडा देतो. कोरियात बांग म्हणजे खोली. ‘नोरे’ म्हणजे गाणं, म्हणून नोरेबांग म्हणजे गाण्याची खोली. चार मित्र पैसे भरून खोली घेतात, दार लावतात आणि माइक हातात घेऊन मनसोक्त गातात. सूर लागो न लागो, शेजारी तक्रार करत नाहीत! पीसीबांग म्हणजे कॉम्प्युटरवर खेळायची खोली. तिथे रात्री दहानंतर अठरा वर्षांखालच्या मुलांना बसू देत नाहीत. ‘मान्ह्वा’ म्हणजे चित्रकथा, म्हणून मान्ह्वाबांग म्हणजे चित्रकथा वाचायची खोली. अशी खोली आपल्या गावात असती तर, असं किती जणांच्या मनात आलं, हात वर करा!

आणखी एक पाटी मला भारी आवडली. तिच्यावर एकच मोठं अक्षर होतं, ‘याक’. हिमालयातला लोकरीचा याक नव्हे हं! ‘याक’ म्हणजे औषध. परक्या देशात रात्री-अपरात्री कुणाचं पोट दुखलं, तर हे एक अक्षर ओळखता आलं तरी काम भागतं.

पाटी उभी का राहते?

या पाट्या पाहताना माझ्यातली बाई जागी झाली. मनात आलं, की यांना एकाखाली एक अक्षरं लिहून इतकी नेटकी उभी पाटी करता येते आणि आपल्याला ते जड का जातं? ‘पुस्तकालय’ हा शब्द उभा लिहून बघा. शिरोरेघेचे तुकडे होतात आणि शब्द सांडल्यासारखा दिसतो.

कोरियन लिपीचं नाव हांगुल. सेजोंग नावाच्या राजाने ती १४४३ साली तयार करवली आणि १४४६ साली प्रजेपुढे ठेवली. त्याआधी कोरियात चिनी चित्रलिपी वापरत. तिची हजारो अक्षरं शिकणं गरीब शेतकऱ्याला जमणारं नव्हतं. सेजोंगने २८ अक्षरांत काम भागवलं. आज त्यांतली २४ मूळ अक्षरं वापरात आहेत. दोन, तीन किंवा चार अक्षरं एका चौकोनात बसवायची, की झाला एक उच्चार. ‘सोल’ हे नाव दोन चौकोनांत लिहितात. चौकोन आडवे मांडा किंवा ठोकळ्यांसारखे एकावर एक रचा, दोन्ही तऱ्हांनी ते छान दिसतात. उभ्या पाटीचं गुपित हेच!

यातली गंमत आपल्या मुलांना लगेच कळेल. आपल्या वर्णमालेत ‘क’चा वर्ग कंठातला, ‘त’चा दातांपाशी, ‘प’चा ओठांचा, अशी तोंडातल्या जागांप्रमाणे मांडणी आहे. हांगुलमध्ये तर अक्षराचा आकारच तोंडावरून घेतला आहे. ‘म’ म्हणजे छोटा चौकोन, कारण ते तोंडाचं चित्र आहे. ‘न’ काढताना टाळूकडे वळणाऱ्या जिभेच्या आकाराचं ‘न’ हे अक्षर. ‘स’ दाताच्या आकाराचं. रस्त्यावर चमकणाऱ्या प्रत्येक पाटीत अशी जीभ, दात आणि ओठ लपलेले आहेत.

अंधाराचे दिवस

एवढा उजेड पाहून वाटेल, की या शहराला अंधार माहीतच नसेल. पण खरी गोष्ट उलटी आहे.

इझाबेला बर्ड बिशप नावाच्या इंग्रज प्रवासी बाई १८९४ ते १८९७ या काळात चार वेळा कोरियात गेल्या. सोलच्या रात्रीबद्दल त्यांनी लिहून ठेवलं आहे. रात्री आठला मोठी घंटा वाजे, पुरुषांनी घरात जायचं आणि मग बायकांनी बाहेर पडायचं, असा रिवाज होता. मिट्ट काळोखात फक्त त्यांच्या नोकराणींच्या हातातले कंदील हलताना दिसत. परदेशी पाहुणीने पाहिलेलं सोल ते असं!

विजेचा पहिला दिवा १८८७ साली राजवाड्यात लागला होता. त्याचं यंत्र चालवायला राजवाड्यातल्या तळ्याचं पाणी लागे, म्हणून लोक त्याला ‘मुलबुल’, म्हणजे पाण्याचा अग्नी, म्हणू लागले. तो वरचेवर विझायचा आणि खर्चही फार करायचा. म्हणून त्याचं दुसरं नाव पडलं ‘गनदालबुल’. गनदाल म्हणजे उडाणटप्पू! १० एप्रिल १९०० रोजी चोंगनो भागातल्या रस्त्यावर तीन दिवे लागले. रस्त्यावर लोकांसाठी लागलेले ते पहिले दिवे. त्यांची आठवण म्हणून १० एप्रिल हा तिथे ‘वीज दिन’ मानतात.

पुढे देशाचे दोन तुकडे झाले. मोठी वीजकेंद्रं बहुतेक उत्तरेत होती. १४ मे १९४८ रोजी उत्तरेने दक्षिणेची वीज तोडली. कारखाने थांबले, घरं काळोखात बुडाली. त्यानंतर १९५० ते १९५३ असं भीषण युद्ध झालं. शिवाय १९४५ पासून रात्रीची संचारबंदी होती. पुढे कित्येक वर्षं मध्यरात्री बारा ते पहाटे चार रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, असा कडक नियम. ती उठली जानेवारी १९८२ मध्ये. मग १९८८ साली सोलला ऑलिंपिक भरलं, कारखाने वाढले, हातात पैसा आला आणि रात्रभर जागणाऱ्या पाट्याही वाढत गेल्या.

म्हणून तिथल्या आजी-आजोबांना हा लखलखाट नुसती जाहिरात वाटत नसेल. ज्यांच्या लहानपणी वीज नव्हती आणि तरुणपणी रात्री बाहेर पडायची मुभा नव्हती, त्यांच्या डोळ्यांना या उजेडात आपले चांगले दिवस दिसत असतील.

नळीत कोंडलेला रंग

या पाट्यांना आपण सगळे सरसकट ‘निऑन’ म्हणतो. निऑन हा एक वायू आहे आणि तो तुमच्या-माझ्या श्वासातही आहे! पण अगदी थोडा. सुमारे ५५ हजार लिटर हवेत जेमतेम एक लिटर.

तो सापडला १८९८ साली लंडनमध्ये. विल्यम रॅमसे आणि मॉरिस ट्रॅव्हर्स या दोघा शास्त्रज्ञांनी अतिशय थंड करून द्रव केलेल्या हवेतून तो वेगळा काढला. काचेच्या नळीत भरून वीज सोडली, तर लालभडक प्रकाश! रॅमसेंचा तेरा वर्षांचा मुलगा म्हणाला, ‘बाबा, याचं नाव नोव्हम ठेवा.’ लॅटिन भाषेत नोव्हम म्हणजे नवा. वडिलांना कल्पना पटली, फक्त त्यांनी ग्रीक शब्द घेतला, ‘निऑन’. तेव्हा लहान मुलांच्या सूचना मोठ्यांनी ऐकाव्यात, हे पालकांनीही लक्षात ठेवावं!

या दोघांचं आपल्या देशाशीही नातं आहे. मुंबईच्या जमशेटजी टाटांना भारतात विज्ञानाची मोठी संस्था काढायची होती. ती कुठे असावी, याचा सल्ला द्यायला रॅमसे भारतात आले आणि त्यांनी बंगलोर सुचवलं. त्या संस्थेचे पहिले संचालक झाले ट्रॅव्हर्स. ती संस्था म्हणजे आजची ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स’.

निऑनची नळी दिवा म्हणून लोकांना दाखवली ती फ्रान्सच्या जॉर्ज क्लोद यांनी, डिसेंबर १९१० मध्ये, पॅरिसच्या मोटारींच्या प्रदर्शनात. तिथून ती जगभर गेली.

सोलच्या उल्जिरो भागात दिव्यांच्या दुकानांची रांगच रांग आहे. त्यामागच्या एका गल्लीत एक वयस्क कारागीर काचेची नळी वळवत बसले होते. भाचीने अदबीने कमरेत वाकून विचारलं, ‘पाहू का?’ त्यांनी मान हलवली. नळी गॅसच्या ज्योतीवर फिरवत फिरवत मऊ करायची. नळीच्या एका टोकाला रबराची बारीक नळी, तिचं दुसरं टोक कारागिराच्या तोंडात. काच वाकवताना हलकीशी फुंकर मारायची, नाही तर वळणावर नळी चपटी होते. आणि अक्षर वळवायचं ते आरशातल्यासारखं उलटं! मग दोन्ही टोकांना धातूची टोपणं बसवायची, आतली हवा पंपाने काढायची आणि वायू भरायचा. नुसता निऑन भरला तर नारिंगी-लाल रंग. आरगॉन वायूत पाऱ्याचा थेंब टाकला तर निळा. नळीच्या आतून निरनिराळे लेप दिले, की बाकीचे रंग. पेटवायला काही हजार व्होल्ट लागतात, म्हणून अशा पाटीला कधी हात लावायचा नाही.

मी विचारलं, की तुमच्या हाताखाली कोण शिकतं आहे? त्यांनी भाचीकडे पाहून हसत उत्तर दिलं. ती म्हणाली, ‘मावशी, ते म्हणतायत, कोणी नाही. तूच ये.’

कारण आता बहुतेक पाट्या एलईडीच्या झाल्या आहेत. वीज कमी लागते, काच फुटायची भीती नाही. निळा एलईडी तयार करणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. त्या निळ्या रंगामुळेच एलईडीचे मोठमोठे पडदे शक्य झाले. सोलमध्ये कोएक्स नावाच्या इमारतीवर असा एक पडदा आहे, सुमारे ८० मीटर लांब आणि २० मीटर उंच. २०२० साली त्यावर काचेच्या टाकीत उसळणारी समुद्राची लाट दाखवली होती. ते चलच्चित्र जगभर पाहिलं गेलं. पडदा भव्यच आहे, पण त्यात कुणाची फुंकर नाही, असं मला आपलं वाटलं.

वरून पाहिलेलं शहर

एका रात्री आम्ही नामसान टेकडीवरच्या मनोऱ्यावर गेलो. खाली दिव्यांचा समुद्र. त्यात जागोजाग लाल क्रूस चमकत होते. नवखा माणूस ते पाहून बुचकळ्यात पडतो, की इथे इतके दवाखाने कसे? ती चर्चं आहेत. २०१५ च्या जनगणनेप्रमाणे तिथे शंभरातले सुमारे २८ लोक ख्रिस्ती आहेत आणि लहानशा चर्चवरही रात्री लाल क्रूस उजळतो. खुद्द मनोऱ्याचा उजेडही बोलतो. तो निळा असेल तर हवा स्वच्छ, लाल असेल तर हवेत धूळ फार. काहीही न विकणारी अशी ती एकमेव मोठी पाटी मला दिसली!

परतताना दहा वाजले होते. हक्वॉनच्या इमारतींतून पाठीवर दप्तरं घेतलेली मुलं बाहेर पडत होती. हक्वॉन म्हणजे खाजगी शिकवणी. सोलमध्ये रात्री दहानंतर शिकवणी घ्यायला बंदी आहे. त्याविरुद्ध काही लोक न्यायालयात गेले होते. पण २००९ साली तिथल्या घटना-न्यायालयाने हा नियम योग्यच ठरवला. खाली खेळांच्या आणि गाण्यांच्या पाट्या चमचमत होत्या आणि त्यांच्याखालून ही पेंगुळलेली मुलं घरी चालली होती. शिक्षक म्हणून ते दृश्य मी विसरणार नाही. पालकांनीही त्याचा विचार करावा.

अरुंधती कुठे गेली?

मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिकवते. आमच्या मुलांना सप्तर्षी दाखवताना मी नेहमी विचारते, ‘वसिष्ठाच्या शेजारची अरुंधती दिसते का?’ बहुतेकांना दिसते. अरुंधती अंधुक आहे, म्हणूनच ती आकाशाची परीक्षा घेते.

बहिणीच्या सज्जातून मी भाचीला तोच प्रश्न विचारला. सप्तर्षींतले चार-पाच तारे कसेबसे सापडले. अरुंधती नाहीच. भाची म्हणाली, ‘पुस्तकात आहे ना, मग असेल.’ तिने ती कधी पाहिलेलीच नव्हती. तिच्या खोलीला जाड काळा पडदा आहे, कारण समोरच्या हॉटेलची पाटी रात्री दोनपर्यंत भिंतीवर लाल-हिरवी नाचते.

हे काही तिच्या एकटीचं दुखणं नाही. २०१६ साली शास्त्रज्ञांनी जगाच्या रात्रीच्या आकाशाचा नकाशा केला. जगातल्या वीस मोठ्या अर्थव्यवस्थांच्या गटात उजेडाने सर्वांत जास्त व्यापलेले देश निघाले इटली आणि दक्षिण कोरिया. सोलमध्ये उन्हाळ्यात सिकाडा नावाचे किडे दिवसा गातात. पण दिव्यांमुळे त्यांना रात्र झालेलीच कळत नाही आणि ते रात्रीही कर्कश ओरडत राहतात. माणसांची झोप गेली, किड्यांचीही गेली!

मग पाट्या विझवून टाकाव्यात का? बहिणीच्या घराखालच्या हॉटेलवाल्या काकूंना भाचीने हे विचारलं. त्या म्हणाल्या, ‘पाटी विझली, की लोक म्हणतात दुकान बंद झालं. मुलीच्या कॉलेजची फी या पाटीतून येते गं.’ त्यांचंही खरंच. शिवाय रात्री अकरालाही बायका-मुली त्या उजळ रस्त्यांवरून निर्धास्त चालताना मी पाहिल्या.

म्हणून कोरियाने मधला मार्ग शोधला. २००८ च्या सुमारास सोल शहराने पाट्यांची संख्या आणि आकार आवरायला सुरुवात केली. एका दुकानाला एक पाटी, असं धोरण ठेवलं. २०१२ साली ‘उजेडाचं प्रदूषण’ रोखणारा कायदाच झाला आणि २०१३ पासून तो लागू झाला. त्यात जागांचे चार प्रकार केले आहेत. राखीव रानाला सर्वांत कमी उजेडाची परवानगी, बाजारपेठेला सर्वांत जास्त. उजेड हवा, पण जिथे हवा तिथे आणि हवा तेवढाच!

त्याच देशात यंगयांग नावाचा डोंगराळ तालुका आहे. तिथल्या काजव्यांच्या उद्यानाला २०१५ साली ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे अंधारं आकाश जपणारं उद्यान, हा मान मिळाला. आशियातलं ते पहिलंच. आणि आता आपली शाबासकीची गोष्ट. जानेवारी २०२४ मध्ये असाच मान मिळवणारं भारतातलं पहिलं ठिकाण ठरलं ते आपल्या महाराष्ट्रातलं पेंच! वाघासाठी राखलेल्या रानात आता चांदणंही राखलं जातं.

तुम्ही करून पाहा

ढग नसलेल्या, चंद्र नसलेल्या रात्री मोठ्या माणसांना घेऊन गच्चीवर किंवा अंगणात जा. उन्हाळ्यात सप्तर्षी शोधा. दहा मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. मग वहीत लिहा, सातांपैकी किती दिसले? अरुंधती दिसली का? नसेल दिसली, तर कोणता दिवा आड येतो आहे? तो कुणाचा आहे आणि रात्री दहानंतर त्याची गरज आहे का?

दुसरा अभ्यास दिवसाचा. तुमच्या बाजारातल्या दहा पाट्या बघा. कोणती लांबून वाचता येते, कोणती येत नाही, आणि का? अक्षर मोठं म्हणून, की सुबक म्हणून? माझ्या भाचीने हा अभ्यास केला आणि तिचा पहिला नंबर गेला त्या एकाच अक्षराला, ‘याक’ला.

आणि हो, या दिवाळीत ती भारतात येणार आहे. आमच्या शाळेतल्या मुलांनी तिला पहाटे उठवून अरुंधती दाखवायची, असं ठरवून टाकलं आहे.